ऑक्टेव्ह-सायलॅबला 'खेळणं' म्हणणाऱ्या काकांना

रिअ‍ॅक्टरवाली
काल इथे एका काकांनी लिहिलं, "ऑक्टेव्ह, सायलॅब ही खेळणी आहेत. इंजिनिअर व्हायचं तर मॅटलॅबलाच पैसे मोजा." तिन्ही इंजिनिअरिंगची आकडेमोड करायची सॉफ्टवेअर, मॅटलॅब विकतचं, बाकी दोन फुकट. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, मी केमिकलची. ऑक्टेव्हची कल्पनाच मुळी रिअ‍ॅक्टर डिझाइनच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून निघाली. नावही केमिकलच्याच प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं. आणि तुमचं मॅटलॅब? विद्यार्थ्यांना फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकता लिनपॅक आणि आइस्पॅक या मॅट्रिक्सच्या गणिताच्या लायब्रऱ्या वापरता याव्यात म्हणून प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांनी ते लिहिलं आणि तेव्हा ते फुकटच वाटलं. कंपनी आली १९८४ मध्ये.

माझ्या कॉलेजात मॅटलॅबचं लायसन्स फक्त लॅबच्या मशीनवर आणि लॅब पाचला बंद. फायनल इयरला मैत्रिणीने कुठून तरी क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, आणला. तिचं मशीन गेलं, त्याला लावलेला माझा पेनड्राइव्हही गेला. चार महिन्यांचं काम होतं त्यात. मग ऑक्टेव्ह घातलं. डिफरन्शियल समीकरणं सोडवणारं मॅटलॅबचं 'ओडीई४५' काढून ऑक्टेव्हचं 'एलएसओडीई' टाकलं आणि उत्तरं वेडीवाकडी. एक रात्र गेल्यावर कळलं की फंक्शनमध्ये एकाला वेळ आधी लागते, दुसऱ्याला नंतर. तो क्रम मी आजतागायत विसरलेले नाही. प्रोजेक्ट वेळेत दिला.

मकरपुरा_कंट्रोल
तो काका मीच. पोरी, कॉलेजचा प्रोजेक्ट वेगळा आणि धंदा वेगळा. आमच्याकडे ग्राहक सिम्युलिंकची फाइल पाठवतो, म्हणजे मॅटलॅबमध्ये ब्लॉक जोडून काढलेलं मॉडेल. मॉडेलवरून सी भाषेतला कोड काढायचा आणि थेट यंत्राच्या कंट्रोल बोर्डावर चढवायचा. ऑक्टेव्हमध्ये ब्लॉक डायग्रॅमच नाही. सायलॅबचं तसंच एक्सकॉस मी दोन महिने मन लावून वापरलं. ग्राहकाची फाइल त्यात उघडत नाही, मॉडेल पहिल्यापासून काढावं लागतं. त्या दोन महिन्यांचा पगार कोण देणार?

रिअ‍ॅक्टरवाली
'पोरी' नको. अकरा वर्षं प्लांटवर काढलीत. सिम्युलिंकला तोड नाही, हे मान्य. पण तुम्ही "इंजिनिअर व्हायचं तर" असं लिहिलंत. बीईच्या किती मुलांना बोर्डावर कोड चढवायचा असतो? बाकीच्यांना समीकरणं सोडवायची असतात, आलेख काढायचे असतात. त्या मोजणीखाली दोन्हीकडे लॅपॅक हीच गणिती लायब्ररी आहे आणि लॅपॅक फुकट आहे.

रावपुरा_मास्तर
दोघंही शिकवण्याबद्दल बोलतच नाही आहात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर बोलून शिकवणारे व्हिडिओ, मराठीत आहेत. मुलांना ते दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते.

मांडवीकर
मास्तर, मराठीत कशाला? बडोद्यातली आपली किती मुलं मराठी शाळेत जातात? माझा मुलगा घरी मराठी बोलतो, शिकला गुजराती माध्यमात. मॅट्रिक्सला तो श्रेणिक म्हणतो, डिटरमिनंटला निश्चायक. त्याच्यापुढे मराठी परिभाषा ठेवली तर त्याला ती नव्याने शिकावी लागेल.

रावपुरा_मास्तर
म्हणून मराठी सोडून द्यायची? सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तिथे प्राध्यापक गज्जरांनी देशी भाषेत शिकवायचा आग्रह धरला.

मांडवीकर
देशी म्हणजे इथली, गुजराती! तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. स्पोकन ट्युटोरियल गुजरातीतही आहेत, ते का नाही सुचवलेत?

रावपुरा_मास्तर
सुचवलं नाही कारण घरात मराठी टिकावी असं मला वाटतं. तीस वर्षं शिकवलं, एकेका घरातून ती जाताना पाहिली. तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, याचा राग येतो.

मांडवीकर
वाटतं. रोज रात्री मुलाला मराठी वाचून दाखवतो. पण गणिताच्या पेपरात नापास झाला तर तुम्ही येणार आहात का? तुमच्या हळव्या मनाची किंमत त्याने का मोजायची?

शून्यापासून
भाषेचं नंतर भांडा. पायथन या फुकट प्रोग्रॅमिंग भाषेचं कुणी नावही घेतलं नाही. तिच्यात आकडेमोडीला नमपाय, सायपाय, चिन्हांच्या गणिताला सिमपाय. नोकरीच्या मुलाखतीत तेच विचारतात.

मकरपुरा_कंट्रोल
विचारत असतील. आमच्याकडे नाही विचारत.

ताई, 'खेळणं' हा शब्द मागे घेतो. काल रात्री ऑक्टेव्ह पुन्हा घालून पाहिलं. २०१५ च्या ४.० आवृत्तीआधी त्याला धड खिडकीही नव्हती, मी तेच मनात धरून बसलो होतो. सिलॅबसपुरतं ते पुरेल. सिम्युलिंकबद्दल माझं मत तेच आहे आणि राहील.

आता एक सांगा. भाची तिसऱ्या सेमिस्टरला आहे. तिच्या लॅपटॉपवर हे घालू की पायथन? पायथनमध्ये यादीतल्या घटकांची मोजणी एकाऐवजी शून्यापासून, तिथे ती दरवेळी अडकते.

रिअ‍ॅक्टरवाली
आत्ता ऑक्टेव्ह घाला, काका. पुस्तकातले बहुतेक प्रोग्रॅम तसेच चालतील. फक्त कंट्रोल या विषयाचं पॅकेज वेगळं घालावं लागतं आणि दरवेळी लोड करावं लागतं. ते केलं नाही की त्या विषयातल्या ट्रान्सफर फंक्शनच्या कमांडला एरर येतो आणि मुलांना वाटतं सॉफ्टवेअरच बिघडलं. अडलं तर फाइल मला पाठवायला सांगा, मी बघते.