इनडोअर ट्रायथलॉन : 10, 30 आणि 20 मिनिटांत ताकद कशी वाटून घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मी नियमित धावतो; पोहायला मात्र चाळिशीनंतर शिकलो. पुढील महिन्यात प्रथमच एका इनडोअर ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे. 10 मिनिटे पोहणे, 30 मिनिटे स्पिन बाइक (जागेवरची व्यायामाची सायकल) आणि 20 मिनिटे ट्रेडमिल असा क्रम असून पोहण्यानंतर 10 मिनिटे आणि सायकलनंतर 5 मिनिटे ठरलेली सुट्टी मिळते. बाहेरच्या स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर हे अंतर कोण लवकर संपवतो ते पाहतात. येथे दिलेल्या वेळेत कोण किती अंतर कापतो ते मोजले जाणार आहे.

माझी अडचण अशी की सरावात सायकलवर जोर लावला की ट्रेडमिलवर पाय जड होतात, आणि सायकल जपून चालवली तर उतरल्यावर हातचे काही राखल्याची चुटपुट लागते. शिवाय माझ्याबरोबर धावणारे काही जण याला खरी ट्रायथलॉन मानतच नाहीत, हेही मनाला लागते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

मी या प्रकारात चार वेळा उतरलो आहे. सरावाचा विचार करण्याआधी क्रमांक कसे काढणार आहेत, हे आयोजकांना विचारून घ्या, कारण सगळे गणित त्यावरच अवलंबून आहे. तिन्ही अंतरांची सरळ बेरीज होणार असेल तर सायकलपुढे बाकी दोन्ही प्रकार जवळजवळ निरर्थक ठरतात. ताशी 30 किलोमीटर वेगाने पेडल मारणारा माणूस 25 मीटर तीन सेकंदांत कापतो. तेच 25 मीटर पोहायला तुम्हाआम्हाला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. पण प्रत्येक प्रकारातील क्रमांकाला वेगळे गुण असतील, तर तलावातली एक जास्तीची फेरीसुद्धा तुम्हाला दोन-तीन जणांच्या पुढे नेऊ शकते.

दुसरी गोष्ट सायकलची. स्पर्धेतील यंत्रावर आधी एकदा तरी बसून पाहा. काही यंत्रे केवळ पेडलच्या फेऱ्यांवरून अंतर काढतात, तर काही रेझिस्टन्सही (पेडल किती जड केले आहे तेही) हिशेबात धरतात. पहिल्या प्रकारात हलक्या रेझिस्टन्सवर भरभर पेडल मारणे फायद्याचे ठरते. दुसऱ्या प्रकारात तसे केल्यास नुसती दमछाक होते. सीटची उंचीही त्याच वेळी ठरवा : पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. माझ्या पहिल्या स्पर्धेत सीटचा स्क्रू मी नीट आवळला नव्हता. आठव्या मिनिटाला सीट बोटभर खाली सरकली आणि थांबायचे नाही म्हणून मी तशीच 22 मिनिटे सायकल चालवली. ट्रेडमिलवर चढलो तेव्हा दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या ठणकत होत्या. तेव्हापासून सीटचा आकडा वहीत लिहून ठेवतो आणि बसण्यापूर्वी स्क्रू स्वतःच्या हाताने तपासतो.

उत्तर 2

मी हौशी प्रौढांना पोहणे शिकवते, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहिते. उशिरा पोहायला शिकलेली माणसे शिट्टी वाजताच पहिल्या दोन फेऱ्या धावत सुटल्यासारखी पोहतात आणि तिसऱ्या मिनिटाला भिंत धरून धापा टाकत उभी राहतात. पहिली 3 मिनिटे आपल्याला संथ वाटेल अशा लयीत पोहा आणि श्वास पाण्यातच पूर्ण सोडा. भिंतीपाशी थांबू नका. हात टेकताच पाय पोटाशी घेऊन वळा आणि जोराने ढकला, कारण त्या एका ढकलण्यात दोन-तीन मीटर विनासायास मिळतात. फ्लिप टर्न (भिंतीपाशी पाण्यातच कोलांटी घेऊन वळणे) येत नसेल तर या महिन्यात शिकण्याच्या मागे लागू नका.

एका लेनमध्ये दोघे असतील तर कोणी कोणत्या बाजूने पोहायचे हे आधी बोलून घ्या. सुट्टी ठरलेली असल्याने कपडे बदलताना घाई करण्यात काहीच लाभ नाही. पायांच्या बोटांमधली जागा नीट पुसून मगच मोजे घाला. ओल्या पायांवर चढवलेला मोजा ट्रेडमिलवर फोड आणतो.

उत्तर 3

पहिल्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सायकलबाबत एक भर घालावीशी वाटते. बाहेर वाऱ्याने घाम वाळत जातो आणि अंग थंड राहते. बंद सभागृहात तेवढ्याच श्रमात हृदयाचे ठोके हळूहळू चढत जातात. म्हणून पहिली 10 मिनिटे हातची राखून, मधली 15 मिनिटे नेटाने आणि शेवटची 5 मिनिटे रेझिस्टन्स थोडा उतरवून पण पाय भरभर चालवून पूर्ण करावीत, असे माझे मत आहे. पंख्याजवळची जागा मिळाली तर सोडू नका.

पाय जड होण्यावर उपाय एकच : आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून 5 मिनिटांत ट्रेडमिलवर चढायचे. ट्रेडमिलवर वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. ताशी 8.5 किलोमीटरने 5 मिनिटे, 9.5 ने 10 मिनिटे आणि 10.5 ने 5 मिनिटे धावल्यास सुमारे 3.17 किलोमीटर होतात.

‘खरी ट्रायथलॉन नाही’ या आक्षेपाविषयी सांगायचे तर 2020 मध्ये रॉटरडॅम येथे अरीना गेम्स भरले. त्यात व्यावसायिक खेळाडू 200 मीटर तलावात पोहले, 4 किलोमीटर जागेवरच्या सायकलवर आणि 1 किलोमीटर ट्रेडमिलवर धावले, आणि या फेऱ्या त्यांनी पुन्हा पुन्हा केल्या. पुढे 2022 मध्ये याच मालिकेतून जगज्जेतेपद ठरले आणि ते ब्रिटनच्या ॲलेक्स यी व बेथ पॉटर यांनी मिळवले. त्यांचा वेग मात्र डोळ्यांपुढे ठेवू नका, कारण तेथे अंतर ठरलेले असते आणि प्रत्येक टप्पा काही मिनिटांचाच असतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आयोजकांना विचारले, प्रत्येक प्रकारातील क्रमांकाला वेगळे गुण आहेत आणि अर्धवट फेरी धरली जात नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल सायकलनंतर 5 मिनिटांत ट्रेडमिलवर चढलो. पहिली 3 मिनिटे पोटऱ्या लाकडासारख्या वाटत होत्या, पण वेग मुद्दाम कमी ठेवल्यामुळे नंतर पाय मोकळे झाले आणि शेवटची 5 मिनिटे 10.5 वर टिकलो. पोहण्यात सध्या 10 मिनिटांत 25 मीटरच्या 15 फेऱ्या पूर्ण होतात आणि सोळावी निम्म्यावर राहते. आता धावण्याचा एक दिवस कमी करून तो भिंतीवरून वळण्याच्या सरावाला देतो आहे; ती सोळावी फेरी मला पूर्ण करायची आहे.