गावात गॅस्ट्रोची साथ आली, पण पाण्याचा नमुना 'पिण्यास योग्य': आरोग्य विभाग नक्की काय तपासतो?

प्रश्न : माणगंगा

आमचे गाव अडीच-तीन हजार वस्तीचे आहे आणि मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला खालच्या आळीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघू लागले. सुरुवातीचे काही दिवस सगळे जण जवळच्या खासगी दवाखान्यात सलाईन लावून घरी येत होते, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राला बातमी लागली ती आशाताईंनी कळवल्यावरच. त्यानंतर मात्र पथक आले, शाळेच्या एका खोलीत खाटा टाकून उपचार सुरू झाले, घरोघर सर्वेक्षण झाले, पाण्याचे नमुने गेले आणि रुग्ण कमी होताच पथक परत गेले. पुढे पाण्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' असा आला. आता ग्रामसभेत लोक विचारतात की पाणी चांगले होते, तर माणसे कशाने आजारी पडली? उद्रेकाच्या वेळी आरोग्य विभागाने नेमके काय करायचे असते, साथ संपली हे कशावरून ठरते आणि त्यात ग्रामपंचायतीचा वाटा किती, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर १ : निवृत्त आरोग्य सहायक

तुमच्या अहवालाचे कोडे बहुतेक वेळा एकाच गोष्टीत असते. पथक येणार हे कळताच कोणीतरी घाईघाईने विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) ओतते आणि नमुना त्यानंतर घेतला जातो. प्रयोगशाळेकडून येणाऱ्या निर्जंतुक बाटलीत क्लोरिन निष्प्रभ करणारे द्रव्य आधीच घातलेले असते, परंतु बाटलीत येण्यापूर्वीच जे जंतू मेले ते त्याने जिवंत होत नाहीत. म्हणून तो अहवाल नमुना घेतला त्या दिवसाच्या पाण्याविषयी बोलतो, माणसे आजारी पडली त्या दिवसाच्या पाण्याविषयी नाही. नमुना शुद्धीकरणापूर्वी घ्यावा, तोही फक्त टाकीतून न घेता बाधित आळीच्या शेवटच्या नळावरून घ्यावा आणि थंड ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. शौचाच्या नमुन्याचेही तसेच आहे. प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घेतला नाही, तर पटकीचा (कॉलराचा) जंतू असूनही हाती लागत नाही.

खरे शोधकाम मात्र वहीत होते. प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, घर, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि पिण्याचे पाणी कोठून येते, याची यादी करून ती गावाच्या हातनकाशावर टिपली, की प्रयोगशाळेच्या आधीच बरेचसे उत्तर मिळते. खालची आळी आजारी आणि तीच टाकी वापरणारी वरची आळी ठणठणीत असेल, तर दोष टाकीत नसून मधल्या जलवाहिनीत आहे, असा सरळ अर्थ निघतो. आपल्याकडे नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी असते. उरलेला वेळ नळी रिकामी राहते आणि ती गटारालगत फुटलेली असेल, तर बाहेरची घाण आत ओढून घेते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत ती घाण कोणाच्या हंड्यात जाते, हे पाहायला पथकाने पहाटे नळाला पाणी येण्याच्या वेळी त्या आळीत उभे राहावे लागते. कचेरीच्या वेळेत गाडी लावून हे दिसत नाही.

उत्तर २ : प्रा. आ. केंद्रातील वैद्यकीय अधिकारी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पहिल्या काही दिवसांविषयी लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या गावाचे खरे नुकसान तेथेच झाले. देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे. त्यात उपकेंद्रातील आरोग्यसेविका संशयित रुग्णांची, वैद्यकीय अधिकारी लक्षणांवरून निदान केलेल्या रुग्णांची आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्या रुग्णांची नोंद वेगवेगळ्या नमुन्यांत करतात. पूर्वी हे कागद आठवड्याने वर जात असत. २०२१ पासून नोंद संगणकप्रणालीवर रोजच्या रोज करायची असते. नेहमीपेक्षा रुग्ण वाढले किंवा एकाच वस्तीत सारख्या लक्षणांचे रुग्ण एकत्र निघाले, की तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा सर्वेक्षण अधिकारी यांना सूचना जाते आणि शीघ्र प्रतिसाद पथक निघते.

ही सगळी यंत्रणा सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर चालते. लोक खासगी दवाखान्यात जातात आणि तेथून नोंद येत नाही. त्या डॉक्टरांना मी सरसकट दोष देणार नाही, कारण पुष्कळांना कोणाला कळवायचे हेच ठाऊक नसते. मी स्वतः माझ्या हद्दीतील दवाखान्यांना आणि औषध दुकानदारांना पावसाळ्यापूर्वी भेटून एवढेच सांगतो की, दिवसभरात जुलाबाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसले किंवा ओआरएसची पाकिटे भराभर खपली, तर एक फोन करा. या फोनने वाचलेले दोन दिवस शाळेतल्या खाटांपेक्षा जास्त माणसे वाचवतात. बहुतेक रुग्णांना वेळीच ओआरएस आणि लहान मुलांना त्यासोबत झिंक पुरते. सलाईन तीव्र निर्जलीकरण झालेल्यांसाठी असते, पण गावात सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असे कोणी मानत नाही.

साथ संपली हे रुग्ण कमी झाल्यावरून ठरवायचे नसते. रोगाचा जास्तीत जास्त अधिशयन काळ (जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) घेऊन त्याच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण निघाला नाही, तर उद्रेक आटोक्यात आला असे मानतात. पटकीचा हा काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो, म्हणून शेवटच्या रुग्णानंतर दहा दिवस गृहभेटी चालू राहायला हव्यात. तुमच्याकडचे पथक त्याआधी परतले असेल, तर कारण विचारण्याचा ग्रामपंचायतीला पूर्ण अधिकार आहे.

उत्तर ३ : सिंहगड रस्ता

शहरातही चित्र फार वेगळे नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही; आधी झालेल्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले. अडचण अशी की जुलाब झाल्यानंतर हातापायांतली ताकद जायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, तोपर्यंत ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. तेथेही गोष्ट उघड झाली ती रुग्णालयांत एकाच भागातले रुग्ण एकदम दाखल होऊ लागले तेव्हा. यांतली नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण हद्द वाढली म्हणून शुद्धीकरणाची व्यवस्था आपोआप पोहोचत नाही. आरोग्य खाते रुग्ण शोधते, जलवाहिनी मात्र पाणीपुरवठा खात्याची असते, आणि या दोघांच्या मधल्या जागेत नागरिक सापडतो.

पुन्हा : माणगंगा

सर्वांचे आभार. आमच्याकडे टीसीएल पावडर आहे, पण जलसुरक्षक ती अंदाजाने टाकतो. नेमके प्रमाण किती असावे?

उत्तर ४ : निवृत्त आरोग्य सहायक

पाणीपुरवठा आणि स्वच्छता ही ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीची कामे आहेत. आरोग्यसेवक देखरेख करतो, त्यामुळे जलसुरक्षकाला शिकवणे दोघांचेही काम आहे. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ६३ हजार लिटर होते. पावडरीत क्लोरिन ३३ टक्के असेल, तर हजार लिटरला अडीच ग्रॅम या किमान हिशेबाने साधारण १६० ग्रॅम लागते. पाणी गढूळ असेल किंवा साथ चालू असेल तर अधिक. उघड्या पोत्यात ओल लागलेली पावडर नुसता चुना उरते, म्हणून पोत्यावरची तारीख पाहा आणि पोते कोरड्या जागी बंद ठेवा. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे आणि तासाभरानंतरच वापर सुरू करावा.

त्यानंतर शेवटच्या नळावर ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरिन पिवळ्या रंगावरून दाखवणारी) घ्या. तेथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला दिसला पाहिजे आणि साथीच्या काळात ०.५. टाकीजवळ गर्द पिवळा रंग आला आणि खालच्या आळीत काहीच आला नाही, तर पावडर वाढवू नका, नळी उकरा. वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात तुमच्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, हेही ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. लाल किंवा पिवळे, म्हणजे धोक्याचे, असेल, तर त्यासोबत त्रुटींची नोंद असते आणि गळतीची जागा त्यात आधीच लिहिलेली निघण्याची बरीच शक्यता आहे.