इन्व्हेस्टरने रिनोव्हेट केलेला जुना फ्लॅट घ्यावा का? माझं मत: नको

मुक्ता_कोथरूड:
सध्या कोथरूड-कर्वेनगरात रिसेल टू बीएचके बघतेय. नव्वदच्या दशकातल्या बिल्डिंगी, आणि बऱ्याच ठिकाणी एकच कथा, कोणीतरी इन्व्हेस्टर म्हाताऱ्या मालकाकडून फ्लॅट उचलतो, दोन-तीन महिन्यांत पीओपी, प्रोफाइल लाइट, मॉड्युलर किचन करून भाव चढवून विकायला काढतो. परवा एक बघितला, दिसायला एकदम चकाचक. बेडरूममध्ये बाथरूमच्या भिंतीला लागून छतापर्यंत वॉर्डरोब. दार उघडून आत मागे हात लावला तर प्लाय गार आणि दमट, खालच्या कोपऱ्यात फुगलेला. एजंट म्हणे मॅडम नवीन लॅमिनेटला तसा वास येतोच. मी विचारलं भिंतीबद्दल, हा उत्तर देतोय वासाबद्दल! नवीन रंगाच्या घरापेक्षा पोपडे निघालेलं घर बरं, निदान कुठे गळतंय ते दिसतं तरी.

हप्तेवाला:
अजिबात पटलं नाही. मूळ मालक काय सत्यवचनी हरिश्चंद्र असतो का? तोही विकायच्या आधी डिस्टेंपरचा हात मारतोच की. आणि जुनं घर घेऊन स्वतः काम काढायचं म्हणजे इकडे भाडं चालू, तिकडे हप्ता चालू, सुतार आला तर प्लंबर नाही, प्लंबर आला तर टाइल्स संपल्या, सोसायटी म्हणते दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, आणि आम्ही दोघं नोकरीवर, उभं कोण राहणार तिथे? जास्तीचे पैसे त्या डोकेदुखीचेच असतात.

साइटवरचा_सिव्हिल:
दोघांचंही अर्धं बरोबर. गळतंय की नाही हे बघायला बाथरूमची भिंत नको, उंबरा बघा. जुनी लादी न फोडता टाइलवर टाइल मारली असेल तर फ्लोअर वर येतो आणि उंबरा जवळपास नाहीसा होतो. म्हणजे खालचा सन्क (बाथरूमचा खोलगट स्लॅब, ज्यात पाइप गाडलेले असतात) उघडलाच नाही, जुना कोबा, जुनी नाणी ट्रॅपची (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याची) जोडणी, तीस वर्षांचे जीआय (लोखंडी) पाइप सगळं तसंच आत. खरं वॉटरप्रूफिंग करायचं तर सगळं फोडून, कोटिंग करून, ट्रॅप बुजवून पाणी भरून एक-दोन दिवस ठेवावं लागतं. विकायची घाई असलेला माणूस ते करत नाही, कारण ते फोटोत दिसत नाही. सोपा उपाय, खालच्या मजल्यावर बेल वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत दाखवा म्हणा. ते खूश होऊन दाखवतात, वर चहा पण देतात 😀

फ्लिप_करणारा:
मी हाच धंदा करतो म्हणून लिहितो. सगळ्यांना एका माळेचे मणी करू नका. मी सन्क फोडतो, वायरिंग पूर्ण बदलतो. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, शिवाय २४ महिन्यांच्या आत विकलं की नफ्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स. लोकांना वाटतं नुसतं लुटतात.

वकीलताई:
दादा, सरळ विचारते, तुमच्या नावावर खरेदीखत होतं का? माझ्याकडे आलेल्या फायलींत इन्व्हेस्टरने मालकाशी एमओयू (प्राथमिक करार) आणि कुलमुखत्यारपत्र केलेलं असतं, आणि शेवटचं ॲग्रीमेंट थेट मूळ मालक आणि नवा गिऱ्हाईक यांच्यात. इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, इन्व्हेस्टरचं नावच नाही.

फ्लिप_करणारा:
दोनदा ड्युटी भरली तर उरणार काय? चालतं मार्केटमध्ये तसं.

वकीलताई:
मग घोडं तिथेच अडतंय. काम केलं तुम्ही, पैसे मिळाले तुम्हाला, आणि सहा महिन्यांनी गळायला लागलं की कागदावर ७५ वर्षांचे आजोबा, ज्यांनी ते नवीन बाथरूम बघितलेलंही नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने माहीत असलेला लपलेला दोष सांगायला हवा, पण आजोबांना माहीत होता हे सिद्ध कसं करणार? रेरा (बिल्डरांवरचा कायदा) मधली ५ वर्षांची बांधकाम-दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते, असल्या रिसेलला ती लागू नाही. बँकेचा व्हॅल्युअर ओल शोधायला येत नाही, बँकेचं कर्ज वसूल होईल का एवढंच बघतो. वर इंटिरिअरचे पैसे वेगळ्या फर्निचर ॲग्रीमेंटमध्ये दाखवतात, ते नीट वाचत पण नाही कोणी.
मुक्ता, तरी घ्यायचाच असेल तर इन्व्हेस्टरला ॲग्रीमेंटमध्ये कन्फर्मिंग पार्टी (व्यवहाराला संमती देऊन सही करणारा तिसरा पक्ष) करा आणि वॉटरप्रूफिंगची हमी त्याच्या सहीने घ्या. शिवाय मंजूर नकाशा मागवा. टेरेस किंवा ड्राय बाल्कनी आत घेतलेली असेल तर नोटीस तुमच्या नावाने येईल.

फ्लिप_करणारा:
कन्फर्मिंग पार्टी व्हायला कोणी तयार होणार नाही, आधीच सांगतो.

मुक्ता_कोथरूड:
बास, हेच ऐकायचं होतं. केलेल्या कामावर भरवसा आहे तर सही करायला काय जातं?

जर्सीकर:
इकडे न्यू जर्सीत घर घेताना इन्स्पेक्टर लावतातच. एफएचए (सरकारी विमा असलेल्या) गृहकर्जाला तर विकणाऱ्याने घर घेऊन ९० दिवस झाले नसतील तर साधारणपणे नाहीच म्हणतात. तरीही रंग मारून तळघरातली ओल लपवणारे इथेही आहेत हो.

हप्तेवाला:
ठीक आहे, सही मागेन, उंबरा पण बघेन. पण घेणार तयारच. बायकोला दमा आहे, घरात सहा महिने सिमेंटची धूळ उडवून मी पैसे वाचवणार नाही.

साइटवरचा_सिव्हिल:
दमा असेल तर मग ओल आधी बघा साहेब. वॉर्डरोबमागे बुरशी धरली की धूळ परवडली म्हणाल.