मदत हवी आहे : सॅक्स-कोबर्ग आणि गोथा नकाशात एक राज्य की दोन?

मंडळी, जर्मनीत सॅक्सनी-थुरिंगियावर राज्य केलेल्या वेटिन घराण्याच्या वाटण्यांचे नकाशे हाताने काढतेय. 1485 ची लाइपझिगची वाटणी (घराण्याच्या अर्नेस्टाइन आणि अल्बर्टाइन अशा दोन शाखा) झाली, 1547 ला म्युलबर्गची लढाई हरल्यावर इलेक्टरपद (सम्राट निवडायचा हक्क असलेलं पद) अर्नेस्टाइन शाखेकडून अल्बर्टाइन मॉरित्झकडे गेलं तेही जमलं, पण 1826 ला गाडी अडलीय. अर्नेस्टाइनांपैकी गोथा-आल्टनबर्गची शाखा 1825 ला निर्वंश झाली आणि भाऊबंदांत सगळी अदलाबदल झाली, कोबर्गच्या अर्न्स्टने झालफेल्ड माइनिंगेनला दिलं नि गोथा घेतलं, हिल्डबुर्गहाउझेनचा ड्यूक आल्टनबर्गला गेला, इथवर पक्कं आहे.

आता कोबर्ग आणि गोथा एकमेकांना लागून नाहीतच, मधे थुरिंगियाचं जंगल आणि दुसऱ्यांचे मुलूख. एका नकाशात दोन्ही एकाच गुलाबी रंगात आहेत, दुसऱ्यात मधे सीमारेषा. वंशावळी तीन-चार पाहिल्या, त्यात फक्त लग्नं आणि वारस, कारभाराचं काहीच नाही. जर्मन येत नाही, भाषांतराच्या ॲपने कायद्याच्या शब्दांचा पार गोंधळ केला. याच घराण्यातल्या, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याबद्दल, आल्बर्टबद्दल नकोय, तो भाग झालाय.

तर 1826 ते 1852 या काळात दोन्हीकडचे कायदे, विधिमंडळ, खजिना वेगळे होते का, आणि 1852 च्या राज्यघटनेने त्यातलं नेमकं काय एक झालं?