मर्यादित खर्चात घरी केलेले नाताळचे हॅम्पर: काय भरावे आणि काय टाळावे?

प्रश्न

यंदाच्या नाताळला जवळचे नातेवाईक, शेजारी आणि कामावरचे काही सहकारी यांच्यासाठी मिळून साधारण बारा हॅम्पर घरीच तयार करावेत, असे मनात आहे. तयार मिळणाऱ्या हॅम्परच्या किमतीत टोपली, चकचकीत कागद आणि रिबीन यांचाच वाटा मोठा असतो, आणि आतल्या वस्तू मात्र कोणालाही दिल्या तरी चालतील अशा असतात. मला याच्या नेमके उलट हवे आहे: वेष्टन साधे असले तरी चालेल, पण उघडणाऱ्याला ही भेट आपल्याचसाठी केली आहे असे जाणवले पाहिजे.

कुकीज, जॅम, लसूण आणि मिरची घातलेले तेल, सुगंधी मेणबत्त्या आणि साबण अशी यादी मी सध्या काढली आहे. घरात एक नेहमीच्या आकाराचा ओव्हन आहे आणि वेळ फक्त सुट्टीच्या दिवशी मिळतो. दोन हॅम्पर टपालाने पाठवायचे आहेत, एका घरी काही महिन्यांचे बाळ आहे आणि एका ज्येष्ठ नातेवाइकांना मधुमेह आहे. या यादीतील काय ठेवावे, काय काढावे आणि कामाचा क्रम कसा लावावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपली यादीच खर्च वाढवणारी आहे, हे आधी स्पष्टपणे सांगतो. पाच पदार्थ म्हणजे पाच वेगळ्या प्रकारचे साहित्य, आणि मेणबत्त्या व साबण यांच्यासाठी तर मेण, वाती, साचे, सुगंधी तेल अशा वस्तू नव्याने विकत घ्याव्या लागतात, ज्यांतले निम्मे सामान नंतर कपाटात पडून राहते. घरगुती हॅम्पर स्वस्त पडतो तो घरी केल्यामुळे नव्हे, तर एकच साहित्य तीन-चार पदार्थांत फिरवल्यामुळे. मैदा, लोणी, साखर, कोको, ओट्स आणि एक-दोन प्रकारचा सुकामेवा एवढे मोठ्या प्रमाणात आणले, तर त्यातून शॉर्टब्रेड, ग्रॅनोला (गोडवा घालून भाजलेले ओट्स आणि सुकामेवा), मसाला लावून भाजलेला सुकामेवा आणि गरम चॉकलेट पेयाचे कोरडे मिश्रण असे चार पदार्थ होतात. पेयाच्या मिश्रणासाठी दुधाची पावडर तेवढी वेगळी आणावी लागेल. प्रत्येक हॅम्परमध्ये यांपैकी तीन घाला. चौथा पदार्थ एखाद्याला तिसऱ्याऐवजी देण्यासाठी हाताशी राहतो.

शॉर्टब्रेडचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा. यात अंडे नसते आणि ओलावा अगदी कमी असतो, त्यामुळे हवाबंद डब्यात ते दोन आठवडे सहज टिकते. याच पिठाच्या एका भागात कोको, दुसऱ्यात संत्र्याची किसलेली साल आणि तिसऱ्यात भरडलेले बदाम घातले, की एकाच घाण्यात तीन चवी होतात. संत्र्याची साल वापरणार असाल, तर उरलेल्या एखाद-दोन संत्र्यांच्या साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करून ओव्हनमध्ये सुमारे 100 अंश सेल्सिअसवर तीन-चार तास, मध्ये उलटवून, वाळवाव्यात. दालचिनीच्या काडीसोबत दोऱ्याने बांधलेली अशी चकती गाठीवर लावली की विकतच्या सजावटीची गरज उरत नाही.

टोपलीचा मोह सोडावा. मोठ्या टोपलीत तीन वस्तू ठेवल्या की ती रिकामी दिसते, मग ती भरण्यासाठी आणखी वस्तू आणल्या जातात आणि सगळे अंदाजपत्रक तिथेच कोलमडते. वस्तू आधी मांडून पाहाव्यात आणि त्या जेमतेम मावतील एवढाच खोका घ्यावा. घरात आलेल्या पार्सलचे खोके तपकिरी कागदाने मढवले तर उत्तम दिसतात. तळाशी घालायला जुन्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापून चुरगाळल्या की पुरते. स्वच्छ धुतलेल्या जॅमच्या आणि लोणच्याच्या बरण्या आजपासूनच साठवू लागा. मात्र लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचा वास जात नाही, त्यामुळे झाकणे नवी घ्यावीत.

दुसरा प्रतिसाद

खर्चाबद्दल वर जे लिहिले आहे ते पटते. मी केवळ सुरक्षिततेबद्दल लिहिते, कारण भेट म्हणून दिलेला पदार्थ समोरचा कधी उघडेल आणि कुठे ठेवेल, यावर आपला ताबा नसतो.

लसणाचे तेल यादीतून काढून टाका. ताजा लसूण, ताजी मिरची किंवा ओल्या वनस्पती तेलात बुडवून ठेवल्या की त्यांना हवा मिळत नाही, त्यांच्यात पुरेशी आम्लताही नसते, आणि खोलीच्या तापमानाला अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची वाढ होऊन घातक विष तयार होऊ शकते. ते वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही. असे तेल घरी करून फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवणे वेगळे आणि सुंदर बाटलीत भरून कोणाच्या ओट्यावर आठवडेच्या आठवडे राहू देणे वेगळे. त्याऐवजी वाळवलेली रोजमेरी, ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेली लिंबाची साल आणि जाडे मीठ एकत्र कुटून सुगंधी मीठ करा. त्याला खर्च जवळपास नाही आणि ते महिनोन्‌महिने टिकते.

जॅम करायला हरकत नाही, पण फळ आणि साखर साधारण समान वजनाने घ्यायची ही परंपरागत कृती बदलू नका. साखर कमी केली की जॅम नीट घट्ट होत नाही आणि टिकतही नाही. थर्मामीटर असेल तर सुमारे 105 अंशांवर जॅम तयार होतो. उंचावरच्या गावात पाणीच कमी तापमानाला उकळते, म्हणून दर 300 मीटर उंचीमागे अंदाजे एक अंश कमी धरावा. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमध्ये थंड केलेल्या बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवून पाहावा. त्याला सुरकुती पडली की गॅस बंद करावा. बरण्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून, गरम असतानाच गरम जॅमने भरून लगेच बंद कराव्यात. फुटलेली कड किंवा गंजलेले झाकण असेल तर ती बरणी बाजूला काढावी.

बाळाच्या घरी जाणाऱ्या हॅम्परमधील ग्रॅनोलात मध घालू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध देत नाहीत, आणि ओव्हनमध्ये भाजल्यानेही त्यातील जिवाणूंचे बीजाणू नष्ट होतीलच असे नाही. मोठी माणसे ते खातील हे खरे, पण एका चमच्याचा मोह कोणाला कधी होईल ते सांगता येत नाही. मधाऐवजी साखरेचा पाक वापरला की प्रश्नच मिटतो.

आणखी एक. कोरड्या सूपचे थर लावलेल्या बरण्या दिसायला देखण्या असतात, आणि त्या पाहून आपल्यालाही तो मोह होईल. तेव्हा मसूर किंवा मूगडाळ वापरा, राजमा नको. राजमा भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो. नाहीतर त्यातील लेक्टिन या अपायकारक प्रथिनामुळे पोट जोरात बिघडते, आणि घाईत सूप मंद आचेवर ठेवणारा माणूस चिठ्ठीवरची सूचना वाचेलच याची खात्री नसते.

प्रत्येक बरणीवर पदार्थाचे नाव, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा आणि त्यात दूध, गहू, अंडे, तीळ, शेंगदाणे किंवा बदाम-काजूसारखी कवचफळे आहेत का, हे लिहावे. सुबक हस्ताक्षरापेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे.

तिसरा प्रतिसाद

साबणाबद्दल थोडक्यात. कॉस्टिक सोडा वापरून केलेला साबण साच्यातून काढल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरावा लागतो, आणि सोडा पाण्यात घालायचा की पाणी सोड्यात, एवढी एक चूकही इजा करू शकते (सोडाच पाण्यात घालायचा असतो, उलट कधीच नाही). पहिल्याच वर्षी, बारा जणांसाठी, हा उद्योग करू नये. वितळवून ओतायचा तयार ग्लिसरीन साबण काही तासांत घट्ट होतो, पण तो हवेतील ओलावा ओढून घेतो आणि त्यावर थेंब जमतात, म्हणून घट्ट गुंडाळावा लागतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात आपले कर्तृत्व रंग आणि वास मिसळण्यापुरतेच असते.

मेणबत्त्या करायच्याच असतील तर उष्णता सहन करणारी काच घ्यावी, कारण साधा पातळ पेला जळत्या मेणबत्तीने तडकू शकतो. मेण थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यावर वितळवावे. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के पुरते. त्याहून जास्त घातल्यास ते मेणात सामावत नाही, वरून सुटते. मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कधीही टाकू नये, झाकण ठेवून विझवावे. हे सगळे वाचून उत्साह उरला असेल तर खुशाल करावे, पण सुगंध हा व्यक्तिगत आवडीचा विषय आहे आणि डोकेदुखीचा त्रास असलेल्यांना अशा मेणबत्त्या नकोशा होतात.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. तेल आणि साबण यादीतून काढले, मेणबत्त्यांचा विचार पुढच्या वर्षावर टाकला. शॉर्टब्रेड, ग्रॅनोला, गरम चॉकलेटचे मिश्रण आणि जॅम एवढेच ठेवावे असे ठरते आहे. तरीही दोन शंका उरतात. मधुमेह असलेल्या नातेवाइकांसाठी साखरविरहित कुकीज कराव्यात का? आणि सुकामेव्याचा केक व चॉकलेटच्या वड्या याच वेळापत्रकात बसतील का? नाताळ म्हटले की केक नसणे मलाच थोडे चुकल्यासारखे वाटते.

चौथा प्रतिसाद

केकपासून सुरुवात करू, कारण क्रमात तोच पहिला येतो. फळे रमात किंवा ब्रँडीत भिजवून केलेला दाट फळांचा केक नाताळच्या चार ते सहा आठवडे आधी भाजावा, कागदात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळावा, आणि आठवड्यातून एकदा त्यावर चमचाभर मद्य शिंपडावे. अशा केकची चव मुरल्यावरच खुलते. मद्य चालत नसलेल्यांसाठी संत्र्याच्या रसात फळे भिजवता येतात, पण तो केक इतका टिकत नाही, म्हणून नाताळच्या आठवड्यात भाजून द्यावा. बारा मोठे केक करण्याऐवजी लहान वडीच्या आकाराच्या साच्यात केल्यास साहित्य निम्म्याने वाचते आणि प्रत्येकाला अख्खा केक मिळतो. कापलेल्या तुकड्यापेक्षा अख्खा छोटा केक किती वेगळा वाटतो, हे देताना लक्षात येईल.

केकनंतर जॅम, कारण बंद बरणीतला जॅम काही महिने आधी केला तरी बिघडत नाही. पेयाचे मिश्रण आणि सुगंधी मीठ कधीही करता येते. त्यानंतर ग्रॅनोला. तो पूर्ण थंड झाल्याशिवाय बरणीत भरू नये, नाहीतर आतल्या वाफेने मऊ पडतो. शॉर्टब्रेड अगदी शेवटच्या आठवड्यात, पण त्याचे पीठ लाटून, वळकटी करून, फ्रीजरमध्ये महिनाभर आधी ठेवता येते. मग एका संध्याकाळी चकत्या कापून भाजणे एवढेच उरते, आणि आपल्यासारख्या केवळ सुट्टीच्या दिवशी वेळ मिळणाऱ्यांसाठी मला हाच सर्वांत उपयोगी उपाय वाटतो. कुरकुरीत शॉर्टब्रेड आणि मऊ केक मात्र एकाच डब्यात कधीही ठेवू नयेत. ओलावा मऊकडून कुरकुरीतकडे जातो आणि दोन्ही बिघडतात.

चॉकलेट नुसते वितळवून साच्यात ओतले तर काही दिवसांत त्यावर पांढरट थर येतो. तो अपायकारक नसतो, पण भेट म्हणून दिसायला वाईट. गडद चॉकलेटचा दोन तृतीयांश भाग 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवून, उरलेला बारीक चिरून त्यात मिसळत तापमान साधारण 31-32 अंशांवर आणावे आणि मग ओतावे. पाण्याचा एक थेंबही भांड्यात पडू देऊ नये. थर्मामीटर नसेल तर हा पदार्थ सोडून देणेच शहाणपणाचे. आपल्या यादीत त्याची उणीव भासणार नाही.

मधुमेही नातेवाइकांसाठी साखरविरहित कुकीज करू नयेत असे माझे मत आहे. पर्यायी गोडव्यांपैकी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांच्यासारख्या प्रकारांचा काहींच्या पोटाला त्रास होतो, आणि मैद्यामुळे रक्तातील साखर वाढतेच. त्यातून "तुमच्यासाठी वेगळे केले" ही भावना आनंदापेक्षा आजाराची आठवण करून देणारी ठरू शकते. त्यांना भाजलेला मसालेदार सुकामेवा, उत्तम चहाची पाने आणि सुगंधी मीठ असा वेगळाच पण तितकाच भरगच्च खोका द्यावा. (रक्तदाबही असेल तर मिठाच्या जागी सुक्या वनस्पतींचे मिश्रण.)

टपालाच्या दोन खोक्यांत काचेची बरणी नकोच. शॉर्टब्रेड पाठीला पाठ लावून पत्र्याच्या डब्यात उभे रचावे, पोकळी कागदाने घट्ट भरावी, आणि पॅक झाल्यावर खोका हलवून पाहावा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडून भरावा. पेयाचे मिश्रण कागदी पिशवीत दुहेरी बांधून पाठवता येते.

दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखिकेकडून

वरच्या वेळापत्रकात एका गोष्टीची भर घालते. आपल्यासाठीच केले आहे असे वाटावे, ही मूळ अपेक्षा पदार्थांच्या विविधतेतून पूर्ण होत नाही. बाराही हॅम्परमध्ये पदार्थ तेच असू द्यात, फक्त एक जागा प्रत्येकासाठी वेगळी ठेवा: वाचणाऱ्यासाठी तुम्ही स्वतः वाचून झालेले एखादे पुस्तक, बागेची हौस असलेल्यासाठी पाण्यात मुळे फुटलेली मनीप्लांटची फांदी, लहान मुले असलेल्या आई-वडिलांसाठी एका संध्याकाळी मुलांना सांभाळण्याचे लेखी वचन. यातील कशालाही फारसा खर्च नाही, पण आठवण ठेवावी लागते, म्हणून आजच बारा नावांची यादी करून प्रत्येकापुढे एक-एक ओळ लिहायला घ्या. एखाद्या नावापुढे काहीच सुचले नाही, तर त्या व्यक्तीला हॅम्परऐवजी केवळ शॉर्टब्रेडचा एक पुडा आणि शुभेच्छापत्र द्यावे. त्यातही काही गैर नाही आणि खर्चाचा ताणही हलका होतो.