मदत हवी आहे: स्प्लेंडरचं पुढचं चाक घरच्या घरी कसं उचलू?

घर मालवणात, अगदी किनाऱ्यालगत. खाऱ्या हवेने पुढचा अ‍ॅक्सल गंजून अडकलाय. तो काढून ग्रीस लावायचंय, ब्रेक शूही बघायचेत.

गाडी मेन स्टँडवर लावून कॅरिअरला वाळूची गोणी बांधली. चाक उचललं जातं, पण अ‍ॅक्सल ठोकला की गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटेल अशी भीती वाटते. नट चाक जमिनीवर असतानाच सैल केलाय, तो प्रश्न नाही. इंजिनखाली चिरा आणि फळी लावणार होतो, पण सगळा भार ऑइलच्या ड्रेन बोल्टवर येतो, म्हणून थांबलो.

कारचा सिझर जॅक आहे. अंगण शेणाने सारवलेलं, मऊ. हाताशी दुसरं माणूस नाही.

पडवीच्या तुळईला दोर बांधून हँडल टांगलं तर चालेल का? की जॅकच बरा, आणि तो नेमका कुठे टेकवायचा?