मदत हवी आहे: मॅक्रोतलं व्हेरिएबल बाहेर सापडत नाही

चांदणवेल: मंडळी, दोन दिवस डोकं फोडतोय. मॅक्रोत, म्हणजे वापरू तिथे कोड पसरून देणाऱ्या साच्यात, ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल करतो, पण पुढच्याच ओळीत कंपायलर म्हणतो, हे नाव इथे नाही. आधी हेच चालायचं. उद्या सकाळी काम द्यायचंय, लवकर सांगा.

गारपीर: आधी म्हणजे कुठे? भाषा कोणती? मॅक्रो टाका.

चांदणवेल: आधी सी, आता रस्ट. मॅक्रो_रूल्स, म्हणजे रस्टची मॅक्रो लिहायची रीत, वापरलंय. आत साधं लेट (व्हेरिएबल करायची ओळ) आहे, बाकी काही नाही.

कंसप्रेमी: लिस्प शिका. १९६३ पासून मॅक्रो आहेत तिथे, भाषा हवी तशी वाढवता येते.

सातवा_मजला: मॅक्रो हवाच कशाला? साधं फंक्शन लिहा. आमच्या टीममधले मॅक्रो मी स्वतः उपसून काढलेत, नव्या माणसाला एक ओळ कळायची नाही.

कंसप्रेमी: फंक्शनला दिलेलं सगळं आधी मोजलं जातं. ‘जर’सारखी नवी रचना त्यातून कशी करणार?

सातवा_मजला: क्लोजर द्या, म्हणजे नंतर चालवायचा कोड छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळून. झालं.

कंसप्रेमी: क्लोजरच्या आतून बाहेरच्या फंक्शनचं रिटर्न करून दाखवा मग.

गारपीर: त्यांचं उद्या काम आहे हो. चांदणवेल, याला हायजीन म्हणतात, म्हणजे मॅक्रोतली नावं बाहेरच्या नावांत मिसळू न देणं. सीचा प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरआधी मॅक्रो उलगडणारा भाग, नुसता मजकूर चिकटवतो. अदलाबदलीच्या मॅक्रोत आत ‘टेम्प’ असेल आणि तुमच्याही व्हेरिएबलचं नाव ‘टेम्प’ निघालं, तर अदलाबदल होतच नाही, आणि कळतही नाही. यात माझी एक अख्खी रात्र गेलीय. यावरचा उपाय स्कीम या लिस्प-बोलीवाल्यांनी १९८६ साली मांडला. रस्टमध्येही मॅक्रोतलं लोकल नाव आणि तुमचं नाव वेगळं धरतात. फंक्शन, स्ट्रक्टची नावं मात्र बाहेर दिसतात. तुम्ही नाव बाहेरून आयडेंट म्हणून, म्हणजे नुसतं नाव म्हणून, मॅक्रोला पाठवा आणि आत लेटला तेच द्या.

चांदणवेल: केलं. तोच एरर.

गारपीर: मॅक्रोतल्या => या बाणानंतर महिरपी कंसांच्या दोन जोड्या आहेत का? पहिली मॅक्रोची. दुसरीने ब्लॉक होतो, व्हेरिएबल तिथेच संपतं.

शाळामास्तर: अवांतर विचारतो, ‘एकूण’ असं देवनागरीत चालतं? मुलांना मराठीतून शिकवायचंय.

सातवा_मजला: पायथन शिकवा, रस्ट नको.

गारपीर: चालतं, रस्ट १.५३ पासून, २०२१. पायथन ३ मध्येही. कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, इंग्रजीच राहतात, पण मॅक्रोचं नाव ‘जर’ ठेवता येईल.

चांदणवेल: होती दुसरी जोडी! काढली, चाललं. खूप आभार. दोन व्हेरिएबलं हवी असतील तर दोन आयडेंट पाठवायचे ना?

गारपीर: हो, दोन.